वेबसाइटच्या तळाशी ते केशरी चिन्ह कशाला असतं?

(आमच्याकडून वेबसाइट करून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

तुमच्या वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या अगदी खाली आम्ही एक छोटं केशरी चिन्ह ठेवलंय. एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी. त्यावरून आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात अधूनमधून फोन येतो, आणि बहुतेक वेळा तो असाच असतो: "अहो, ते दाबलं तर नुसतं कोडिंग उघडतंय. साइट बिघडली का काय?"

बिघडलेली नाही. ती फीड आहे, म्हणजेच आरएसएस: साइटवर नवीन काय आलं याची यादी. ती माणसासाठी नव्हे, फीड वाचणाऱ्या ॲपसाठी लिहिलेली असते, म्हणून अशी दिसते. त्या कंसांच्या गर्दीत नीट बघितलंत तर तुमचाच मजकूर सापडेल: सूचनेचं शीर्षक, तिची लिंक, तारीख-वेळ, थोडा किंवा पूर्ण मजकूर आणि प्रत्येक सूचनेची एक वेगळी ओळखखूण. अशा शेवटच्या दहा सूचना, सगळ्यात नवी वर. ही पद्धत 1999 पासूनची आहे. गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायची गूगलची सोय, 2013 मध्ये बंद झाल्यावर आरएसएस संपलं असं पुष्कळांना वाटलं, पण पॉडकास्ट आजही याच फीडवर चालतात.

आता मुख्य गोष्ट, कारण इथेच गैरसमज होतो. फीड कुणाला काही पाठवत नाही. दुकानातला पोऱ्या थोड्या थोड्या वेळाने चक्कर मारून समोरच्या फळ्यावर काही नवीन लिहिलंय का ते बघून येतो, तसं वाचणाऱ्याचं ॲप तुमच्या साइटवर येऊन फीड बघून जातं. नवीन असेल तर आणतं, नसेल तर हात हलवत परत. त्यामुळे वाचणाऱ्याला तुम्हाला मोबाइल नंबर द्यावा लागत नाही, ईमेलही नाही. नको झालं तर तो आपल्या ॲपमधून तुमचं नाव काढून टाकतो, कुणाला विचारावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचं तसं नाही. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. आणि ग्रुप केला, तर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर एकमेकांसमोर उघडे.

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही वर्षातून चार वेळा काहीतरी टाकतो, आम्हाला कशाला फीड?" आमचं मत उलट आहे. रोज बातम्या देणारी साइट लोक आपणहून उघडतात. उद्यमनगरातल्या कारखान्याच्या साइटवर तीन महिन्यांनी नवीन कास्टिंगची माहिती आली, हे बघायला रोज कोण जाणार? फीड खरी उपयोगी पडते ती तिथे.

फीड घ्यायची कशी? फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एक ॲप फोनवर घ्या. कॉम्प्युटरवर ईमेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातही सोय आहे. ॲपमध्ये साइटचा साधा पत्ता टाका, फीड ते स्वतः शोधतं. नाही सापडली आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा. बहुधा काम होतं. तुमच्या गिऱ्हाइकांना सांगण्याआधी एकदा स्वतःच्या फोनवर करून बघा.

"दर बदलला, पण फीडमध्ये आलाच नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त येते. कारण जवळजवळ नेहमी एकच. दरपत्रकाच्या पानात तुम्ही आकडा दुरुस्त केलेला असतो. वर्डप्रेसच्या फीडमध्ये जातात त्या पोस्ट, म्हणजे तारखेनिशी टाकलेल्या सूचना; दरपत्रकासारखी कायमची पानं जात नाहीत. म्हणून दर बदलला की पान दुरुस्त कराच, पण 'नवीन पोस्ट' मध्ये दोन ओळीही टाका.

आणि टाकण्याआधी आकडा दोनदा वाचा. साइटवरून पोस्ट काढली तरी ज्याच्या ॲपने ती उचलली, त्याच्याकडे ती राहू शकते. घाऊक गिऱ्हाइकांपुरता ठेवलेला दरही फीडमध्ये नको, ती सगळ्यांसाठी उघडी असते.

एकदा आमच्याच हातून चूक झाली. एका गूळ व्यापाऱ्याची साइट नव्या पत्त्यावर हलवताना आम्ही जुन्या पोस्टच्या ओळखखुणाही बदलून टाकल्या. ॲप नवं-जुनं ठरवतं ते त्या खुणांवरून. झालं, दहाच्या दहा जुन्या सूचना सगळ्यांना नव्या म्हणून दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मार्केट यार्डातून फोन, "शेठ, ह्यो दर कवाचा म्हणायचा? गेल्या दिवाळीतला की हो!" तेव्हापासून साइट हलवताना आम्ही त्या खुणांना हात लावत नाही.

एक सावधगिरी. काही ॲप तासाभराने चक्कर मारतात, काही त्याहून उशिरा. त्यामुळे घाईच्या बातमीसाठी फीडवर विसंबू नका. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडून 43 फुटांच्या धोक्याकडे निघालेली असताना गोदामातला माल हलवायचा असेल, तर कामगारांना सरळ फोन करा.

फीड किती जण वाचतात याचा नेमका आकडा मात्र मिळत नाही. तो विचारू नका, आम्ही अंदाजाने काहीतरी सांगणार नाही. बाकी काही अडलं तर फोन घेऊन ऑफिसात या, समोर बसून लावून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.