शिवसागर (कोयना जलाशय)

शिवसागर हा सातारा जिल्ह्यात कोयना धरणामागे पसरलेला जलाशय. साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेला बामणोलीची रांग, यांच्यामधल्या चिंचोळ्या दरीत पाणी उत्तर-दक्षिण सुमारे ५० किमी लांब तुंबले आहे. ओढ्यांच्या घळींतही ते आत शिरल्याने काठ कमालीचा दंतुर झाला आहे. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणूनच तापोळा-बामणोली भागात लाँच आणि गाड्या वाहून नेणारा तराफा हीच रोजची वाहतूक.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना इतर घाटमाथ्यावरच्या नद्यांसारखी लगेच पूर्वेकडे जात नाही. सह्याद्रीच्या कडेकडेने ती सुमारे ६५ किमी दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या थोडे वर, देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण आहे.

जलाशयाला येऊन मिळणाऱ्या नावाजलेल्या उपनद्या दोनच, सोळशी आणि कांदाटी; दोन्ही तापोळा-बामणोली परिसरात मिळतात. बाकी सारे कड्यांवरून उतरणारे आखूड, तीव्र उताराचे ओढे. पाणलोट क्षेत्र जेमतेम ८९२ चौ. किमी, पण धरणाजवळच्या नवजाला वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. बेसाल्टच्या उघड्या कड्यांवर पाणी थांबत नाही, त्यामुळे मुसळधार पावसात आवक काही तासांत वाढते. माथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यांत (सपाट, खडकाळ पठारांत) मुरलेले पाणी झऱ्यांवाटे पुढे काही काळ पाझरते. उन्हाळ्यात बहुतेक ओढे कोरडे पडतात. पूर्वेची पाणलोट रेषाही ध्यानात घेण्याजोगी आहे: कासच्या पठारावरून खाली शिवसागर दिसतो, पण कास तलावाचे पाणी मात्र पलीकडच्या उरमोडी नदीला जाते.

केरा, मोरणा आणि वांग या नद्या धरणाच्या खाली कोयनेला मिळतात, हे पूरकाळात हमखास विसरले जाते. त्यांच्या खोऱ्यांत जोराचा पाऊस झाला, तर धरणाचे वक्र दरवाजे बंद असतानाही कराडला कोयनेची पातळी चढते.

पाण्याची मोठी वाट मात्र निसर्गक्रमाच्या उलट आहे. ते बोगद्यांतून सह्याद्री भेदून पश्चिमेला, कोकणच्या पायथ्याशी सोडले जाते आणि त्या उंचीच्या फरकावर वीज तयार होते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वापरलेले पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते, म्हणजे कृष्णा खोऱ्यातून कायमचे जाते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने या पश्चिमेकडच्या वापराला ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातली. हिशेबाचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते. त्यामुळे वर्षअखेरीला, मे महिन्यात, उरलेल्या पाण्यासाठी वीज आणि सिंचनाची ओढाताण नेहमीचीच.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून जगभर त्याचा अभ्यास होतो. लहान धक्के आजही बसतात.

पाण्याखाली गेलेल्या गावांतील अनेक कुटुंबांना ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत वसवले गेले. वासोटा किल्ल्याभोवतीचे पश्चिम काठाचे जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोट्याला जाणारे बहुतेकजण बामणोलीहून लाँच धरतात.