झुडपी जंगल

झुडपी जंगल : पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात खुरट्या झाडोऱ्याच्या, बिनलागवडीच्या सरकारी जमिनीला असलेले नाव. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६,००० हेक्टर जमीन नोंदलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला 'गायरान' कळते, 'झुडपी जंगल' कळत नाही, कारण हा शब्द जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरातला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्यांच्याबरोबर नोंदवहीतला हा शेराही आला. शालेय भूगोलात जंगलतोड शिकताना हा विषय सहसा येत नाही. खरे तर एकही मोठे झाड न पडता जंगल कसे संपते, हे समजायला नागपूर परिसरात याहून चांगले उदाहरण नाही.

जमीन व वनस्पती. नागपूर दख्खनच्या काळ्या बसाल्टी पठाराच्या पूर्व कडेवर आहे. जुन्या जमाबंदीत इथल्या मातीची प्रतवारी काळी, कन्हार, मोरांड, खर्डी आणि बरडी अशी उतरत्या क्रमाने केलेली असे. कापूस-तूर पिकते ती वरच्या प्रतीत. झुडपी जंगल बहुतेक वेळा बरडीवर असते : वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण अशी जमीन तो धरून ठेवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा मुरमातला ओलावा कधीच संपलेला असतो. त्यामुळे इथे साग-ऐनाचे उंच रान उभे राहत नाही. पळस, बोर, हिवर, भराटी, येरोनी, सिंदी आणि मधल्या मोकळ्या जागेत कुसळ, मारवेल अशी गवते, एवढाच संसार. अलीकडे त्यात रायमुनिया (घाणेरी) घुसली आहे. तिला गुरे तोंड लावत नाहीत आणि तिच्या जाळीखाली गवत येत नाही, म्हणजे नकाशावर हिरवे वाढते आणि चारा घटतो.

वापर. गावाच्या दृष्टीने ही जमीन निस्ताराची, म्हणजे रोजच्या गरजा भागवण्याची : चराई, सरपण, कुंपणाच्या काट्या, मुरूम, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. सकाळी गुरे आखरावर जमतात, तिथून गायकी त्यांना झुडपीत घेऊन जातो. कोणत्या गटात कोणाला काय घेता येईल ते निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात (गावाच्या वहिवाटींच्या नोंदीत) लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोन्ही कागदांची तरतूद आहे. पीक नाही म्हणजे उपयोग नाही, हा शहरी हिशेब इथे चुकतो.

चराईचा भार साध्या गणिताने काढता येतो. अडीचशे-तीनशे किलो वजनाच्या गावरान गाईला दिवसाला सुमारे साडेसहा किलो वाळला चारा लागतो, म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांत ७८० किलो. बरडीवर हेक्टरी १ टन वाळले गवत निघते असे धरले आणि मुळे टिकावीत म्हणून निम्मे सोडले, तर हाती ५०० किलो उरतात. म्हणजे एका गाईला दीड हेक्टरहून थोडे जास्त रान हवे. १०० गुरे आणि ५० हेक्टर झुडपी असलेल्या गावात गवत बी धरण्याआधीच खाल्ले जाते. दोन-तीन वर्षांत मारवेल मागे पडते, कुसळ व तरोटा पुढे येतात, मग उघडी माती ओघळींतून वाहू लागते. ही ऱ्हासाची पायरी कुऱ्हाडीशिवाय चढली जाते.

उद्योगांची नजर. कारखाना उभारायला सपाट, सलग, वाद नसलेली आणि रस्त्याजवळची जागा हवी असते. नागपूरच्या परिघावर हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती, मिहान (विमानतळालगतचा मालवाहतूक व उद्योग प्रकल्प), कोराडी, खापरखेडा व मौदा येथील औष्णिक केंद्रे, सावनेर-उमरेडकडच्या कोळसा खदानी अशी मागणी सतत वाढत गेली. शेतजमीन घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो, विरोध होतो. झुडपीवर 'मालक सरकार' असते, म्हणून आराखड्यातली रेघ तिकडे सरकते. रस्ता, वीजवाहिनी, कालवा यांचे क्षेत्र डोळ्यांना लहान भासते, पण ६० मीटर रुंदीचा पट्टा १ किलोमीटर गेला की ६ हेक्टर जातात, आणि उरलेल्या रानाचे दोन तुकडे होतात ते वेगळेच.

राखेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. ६६० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला दीड कोटीहून अधिक युनिट वीज देतो. युनिटमागे ६५० ग्रॅमच्या आसपास कोळसा धरला तर रोज सुमारे १०,००० टन कोळसा लागतो. त्यात ३५ टक्के राख असेल तर साडेतीन हजार टन राख रोज कुठेतरी ठेवावी लागते. सिमेंट आणि विटांसाठी उचल झाली नाही की राखतलावांना आणखी जागा हवी. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राख शेतांत व नदीनाल्यांत पसरली.

कायद्याची गुंतागुंत. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० (२०२३ च्या दुरुस्तीनंतरचे नाव : वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम) नुसार वनजमीन वनेतर कामाला वापरण्याआधी केंद्राची मान्यता लागते. ही मान्यता दोन टप्प्यांत मिळते : आधी तत्त्वतः, मग भरपाईची रक्कम, पर्यायी वनीकरणाची जमीन वगैरे अटी पूर्ण झाल्यावर अंतिम. झुडपी ही 'वन' आहे का, यावरच वाद होता. राज्याच्या महसूल खात्याने कित्येक दशके ती घरे, शाळा, स्मशानभूमी, शासकीय इमारती यांना वाटली होती. विदर्भाच्या अनुशेषाच्या चर्चेतही, झुडपीमुळे सिंचन व रस्ते अडतात, ही तक्रार नेहमीची. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शासकीय नोंदीत 'वन' असलेली जमीन वनच, असे ठरवले. त्याच निकषावर २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगलाला वन मानले. १९९६ च्या त्या तारखेपूर्वीचे वाटप नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली, पण त्यासाठीही केंद्राची मान्यता आवश्यक केली. वाटप न झालेल्या, वनाला लागून नसलेल्या ३ हेक्टरांहून लहान तुकड्यांना 'संरक्षित वन' घोषित करण्याचा आदेशही त्यात आहे.

मोजणीतला घोळ. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान १ हेक्टर क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांची सावली १० टक्के वा जास्त असेल तर ते 'वनाच्छादन'. मालकी आणि झाडाची जात पाहिली जात नाही. १० टक्क्यांखालचे रान 'झुडूप' गटात जाते आणि वनाच्छादनाच्या बेरजेत येत नाही. परिणामी काटोल-नरखेडकडची ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडांची संत्राबाग वनाच्छादनात बसू शकते, आणि कायद्याने वन असलेली उघडी झुडपी बाहेर राहते. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन १६.५१ टक्के दिले आहे. हा आकडा वापरताना तो सावलीचा आहे, सातबाऱ्याचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

वनीकरणात काय चुकते. झुडपीवर रोपवन करताना सहसा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेतात आणि ३ × ३ मीटरवर हेक्टरी १,१११ रोपे लावतात. वीतभर मातीच्या बरडीत असा खड्डा मुरमातच फोडावा लागतो. त्यातलाच मुरूम परत भरला तर रोपे पावसाळाभर तजेलदार दिसतात आणि एप्रिल-मेमध्ये वाळतात. आधी उताराला आडवे सलग समतल चर घेऊन ओल वाढवणे, दोन पावसाळे चराईबंदी आणि पळस-बोराच्या जुन्या खुंटांचे फुटवे राखणे हे स्वस्त पडते व टिकते. काही जागी तर झाडे लावूच नयेत. तिथे गवत हीच मूळ परिसंस्था आहे. टिटवी, तितर, ससा, कोल्हा यांचा निवारा त्यातच असतो.

क्षेत्रभेट. विद्यार्थ्यांनी १० × १० मीटरचे किमान पाच चौकोन आखावेत. प्रत्येकात झाडे, झुडपे व रोपे वेगळी मोजावीत, मातीची खोली सळईने पाहावी, गुरांच्या वाटा व शेणाच्या खुणा नोंदवाव्यात. जागेचा गट क्रमांक घेऊन तलाठ्याकडे सातबाऱ्यावरचा शेरा आणि निस्तारपत्रक पडताळावे. उपग्रह चित्र वापरले तर त्याची तारीख लिहिणे आवश्यक : पानगळीच्या या प्रदेशात तेच रान ऑक्टोबरात हिरवे आणि मेमध्ये ओसाड दिसते. देशाचे वनसर्वेक्षणही मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे घेते, ते याचसाठी.