सिव्हेरिटी आणि प्रायॉरिटी: बिघाड केवढा आणि काम कुणाचं अडलंय

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एकाच पतसंस्थेची दोन तिकिटं, म्हणजे तक्रारीच्या नोंदी, एकाच सकाळी आली. पहिलं: लाभांश वाटपाचा स्क्रीन उघडला की प्रोग्राम बंद पडतो. दुसरं: वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'श्री' लिहिलं की पाय मोडलेला 'श' एकीकडे आणि 'री' दुसरीकडे.

आमच्या डेव्हलपरनी साहजिकच पहिलं तिकीट उचललं. प्रोग्राम पडतोय, तिथे फॉन्टचं काय घेऊन बसलात? मी ते थांबवून दुसरं आधी घ्यायला लावलं आणि त्यावरून बरीच वादावादी झाली.

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेआधी अहवाल छापून सभासदांच्या हातात पडायला हवा. लाभांश मात्र सभेने मंजुरी दिल्याशिवाय वाटताच येत नाही. लाभांशाचा स्क्रीन त्या दिवशी पडला काय आणि उभा राहिला काय, सभा होईपर्यंत कुणाचंच काम अडणार नव्हतं. अहवाल मात्र संध्याकाळी छापखान्यात जायचा होता.

बिघाडाने प्रोग्रामचं किती मोडलं, हे सिव्हेरिटी सांगते. ती डेव्हलपरने किंवा टेस्टरने लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः ठेवलेल्या नोंदी, बघून ठरवावी. तारीख बदलली म्हणून ती बदलत नाही. कुणाचं काम कधी अडणार, हे प्रायॉरिटी सांगते. ती ग्राहकाशी बोलूनच कळते आणि रोज बदलू शकते. सभेत लाभांश जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी सभासद काउंटरवर येतात. तोवर दुरुस्ती झाली नसेल, तर लाभांशाचं तेच तिकीट पी-फोर म्हणजे रांगेत मागच्या प्रायॉरिटीवरून थेट पी-वन म्हणजे सगळ्यांत पहिल्या प्रायॉरिटीवर जातं. कोडची एक ओळही बदललेली नसते, बदललेली असते ती तारीख.

प्रायॉरिटी ठरवायची सगळ्यांत प्रचलित रीत आयटिलमधून आली आहे. ब्रिटिश सरकारच्या एका संगणक विभागाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयटी सेवांसाठी ही मार्गदर्शक तत्त्वं तयार करायला घेतली. त्यात परिणाम किती लोकांवर आणि निकड किती, हे दोन्ही एका तक्त्यात मांडून प्रायॉरिटी काढतात. तक्ता उपयोगी आहेच, पण तो आंधळेपणाने वापरला की माणसं मोजण्यावरच भर राहतो. आमच्या फॉन्टच्या तिकिटात अडलेला माणूस एकच होता, संस्थेचा सचिव. त्याच्यामागे उभे असलेले सगळे सभासद तक्त्यात दिसत नाहीत.

खरा फरक उमगतो तो तात्पुरता तोडगा काढताना. त्या दिवशी फॉन्टचा दोष दुपारपर्यंत सापडला नाही. मग आम्ही अहवालाचा मजकूर मागवून घेतला, आमच्याकडच्या दुसऱ्या मशीनवर पीडीएफ करून पाठवली आणि छपाई वेळेत सुरू झाली. प्रायॉरिटी तिथल्या तिथे उतरली. सिव्हेरिटी तसूभर हलली नाही, कारण दोष जागेवरच होता. इथे पुष्कळ टीम तिकीट बंद करून मोकळ्या होतात आणि पुढच्या सप्टेंबरला तोच सचिव तीच तक्रार घेऊन येतो. माझ्या मते हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. तिकीट उघडंच ठेवावं, फक्त रांगेत मागे न्यावं.

काही वेळा दोन्ही आकडे एकत्रच वर जातात. खात्यावरची शिल्लक चुकीची दिसू लागली, तर चर्चा करत बसू नये. चुकीच्या शिलकेवर पुढचे व्यवहार होत राहतात आणि दर तासाला निस्तरायचं काम वाढतं.

सुरक्षेच्या क्षेत्रातही हाच घोळ होतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाला, तेव्हा त्याला सीव्हीएसएस या सुरक्षेतल्या दोषांच्या मोजपट्टीवर १०पैकी १० गुण मिळाले. ती झाली सिव्हेरिटी. इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरवर तो दोष त्याच रात्री बुजवायला हवा होता. कपाटात बंद पडून असलेल्या चाचणीच्या मशीनवरही गुण १०च, पण ते मशीन थांबू शकत होतं.

१९९८पासून चालत आलेल्या बगझिला या तिकिटं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे रकाने आहेत. जिरा या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मुळात फक्त प्रायॉरिटी मिळते. सिव्हेरिटीचा रकाना आपण जोडावा लागतो. तो जरूर जोडावा. रकाना एकच असला की डेव्हलपर त्यात बिघाडाचा आकार भरतो, सपोर्टवाला ग्राहकाचा आवाज भरतो आणि आठवड्याभरात निम्मी तिकिटं पी-वन होऊन बसतात. मग ज्याचा फोन मोठ्या आवाजात येतो, त्याचं काम आधी होतं. शांतपणे दोन ओळींची मेल लिहिणाऱ्या लहान गावातल्या संस्थेचं काम मागे पडतं.

म्हणून 'अर्जंट' लिहिलेल्या तिकिटाला आम्ही आता उलट दोनच प्रश्न विचारतो: हे कधीपर्यंत हवंय, आणि तोवर नाही झालं तर नेमकं काय अडेल? त्या सकाळी सचिवांना हेच विचारलं होतं. लाभांशाबद्दल ते म्हणाले, "ते सभेनंतर बघू." अहवालाबद्दल त्यांनी छापखान्याची वेळ सांगितली.