सरपंचाला अनुभव पाहिजे का? विदर्भातल्या वादाची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आपल्याकडे पानटपरीपासून एसटी स्टँडपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याले का समजते पंचायतीतलं, आधी मेंबर तरी होता का तो?" आमदारकीलाही हेच बोलतात, पण खरा जोर सरपंचावर, कारण तो रोज समोर दिसतो.

कायद्यात अशी अट कधीच नव्हती. वय, मतदार यादीत नाव, थकबाकी नाही, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य नाही, अशाच अटी. उलट सरकारी नोकरीत असलेल्याला उभंच राहता येत नाही, म्हणजे ज्याला आतून सगळं माहीत आहे त्याने आधी राजीनामा द्यायचा किंवा रिटायर व्हायचं. घटना समितीच्या अध्यक्षांनी 26 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात खंत बोलून दाखवली होती, की कायदा राबवणाऱ्याला मोठी पात्रता लागते आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच लागत नाही. पण अट घातली गेली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं, कारण इंग्रजांच्या काळात मालमत्ता, शिक्षण बघून मताचा हक्क मिळायचा आणि त्यात वावरात राबणारा माणूस कधी बसलाच नसता.

जुनं थोडक्यात सांगतो. आपला भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा 1948 च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या, मग महाराष्ट्रात आल्यावर 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. त्या ज्या समितीच्या अहवालावरून आल्या तिचे अध्यक्ष पुसदचे माजी नगराध्यक्ष, पुढे 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री. तेव्हापासून डोक्यात बसलं की आधी खालची पायरी, मग वरची. मेंबर, मग सरपंच, मग पंचायत समिती. नियम कुठेच नाही, पण पॅनल असंच बनायचं आणि पॅनल ठरवणारी घरंही ठरलेली.

या पायरीला मोठा धक्का बसला 2017 मध्ये, आणि सगळा गुंता तिथूनच आहे. सरकारने ठरवलं की सरपंच मेंबरांतून नाही, थेट गावातून निवडायचा. आदल्या दिवसापर्यंत ग्रामपंचायतीची पायरी न चढलेला माणूस सरळ खुर्चीवर! सोबत सातवी पासची अट आली, पण फक्त 1 जानेवारी 1995 किंवा नंतर जन्मलेल्यांना, म्हणजे अट तरुण पोरांवर आणि जुने तसेच सुटले. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश मेंबर पाहिजे आणि वरून ग्रामसभेचं गुप्त मतदान. बऱ्याच गावांत सरपंच एका पॅनलचा आणि बॉडी दुसऱ्या पॅनलची झाली, ठराव अडले, आणि खापर फुटलं सरपंचाच्या "अनुभव नाही" वर. भांडण पॅनलचं होतं, अनुभवाचं नाही, हे कोणी बोलायला तयार नव्हतं.

2020 च्या सुरुवातीला नवीन सरकारने थेट निवड बंद केली. लगेच कोरोना, निवडणुका लांबल्या आणि हजारो पंचायतींची मुदत संपत आली. मग जुलै 2020 मध्ये आदेश निघाला की पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातली "योग्य व्यक्ती" प्रशासक नेमायची. ना निवडून आलेला, ना सरकारी अनुभव, फक्त कोणाच्या तरी मर्जीतला! लोक हायकोर्टात गेले, कोर्टाने अंतरिम आदेशात सांगितलं की सरकारी माणूसच नेमा, तो मिळत नसेल तर कारण लिहून ठेवा. शेवटी विस्तार अधिकारी आले, एकेका साहेबाकडे अनेक गावं. मला वाटतं "अनुभव पाहिजे" हे कोर्टाने तिथे बरोबर धरलं, कारण मत न घेता सही करणाऱ्याला निदान जबाबदारी तरी पाहिजे. निवडून आलेल्याला हेच माप लावणं चूक, त्याची परीक्षा गावाने घेतलेली असते.

14,234 पंचायतींची निवडणूक लागली, 15 जानेवारी 2021 ला मतदान झालं आणि सरपंचाच्या आरक्षणाची सोडत त्यानंतर काढली. काही ठिकाणी बहुमताच्या पॅनलकडे त्या प्रवर्गाचा मेंबरच नाही, मग एकटा निवडून आलेला किंवा आलेली सरपंच झाली. 2022 मध्ये सरकार बदललं आणि थेट निवड परत आली. पाच वर्षांत तीनदा नियम फिरला, अनुभव घ्यायचा तरी कुठे?

यात बायकांना सगळ्यात जास्त ऐकावं लागलं. 2011 पासून पन्नास टक्के जागा त्यांच्या, आणि "तिले का समजते" हे त्यांच्याच वाट्याला जास्त. 2015 पासून वित्त आयोगाचा पैसा सरळ पंचायतीच्या खात्यात येऊ लागला, मग सरपंच आणि सचिवाची डिजिटल सही आली. या सहीचं पेन ड्राइव्हएवढं डोंगल असतं, आणि बऱ्याच गावांत ते बाईच्या हातात नसतंच, नवऱ्याच्या खिशात किंवा ऑपरेटरच्या टेबलात. पंचायतीच्या हिशोबाची नमुना 1 ते 33 ची रजिस्टरं तिला कोणी उघडून दाखवत नाही आणि मग अनुभव नाही म्हणतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) चं उदाहरण मी नेहमी देतो. 2009 मध्ये त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वर्षानुवर्षं ग्रामसभेत बसून एकमताने निर्णय घेणारी माणसं ती, त्यांना कोणत्या पदाचा दाखला लागला नाही.

आणि अनुभवी हातात कारभार दिल्यावर काय होतं तेही आपण बघितलंच. मार्च 2022 मध्ये अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या केसमुळे निवडणूक अडली आणि प्रशासक बसले, ते काही वर्षं हललेच नाहीत. नोकरीतले मुरलेले अधिकारी, फाइल त्यांना कोणी शिकवायची गरज नाही, पण सर्कलमधला (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातला) माणूस रस्त्यासाठी कोणाकडे जाणार, मेंबरच नाही तर सभेत प्रश्न कोण विचारणार?