भारतनेट आणि ऑस्ट्रेलियाचं एनबीएन: तार नेमकी कुठे थांबते?

भारतनेट ही आपल्या गावांपर्यंत इंटरनेटची फायबर (काचेच्या धाग्यांची) तार नेण्याची योजना, एनबीएन (नॅशनल ब्रॉडबँड नेटवर्क) ही ऑस्ट्रेलियाची तशीच योजना. दोन्हींमागे सरकार, दोन्ही देशभर फायबर नेणाऱ्या, आणि मूळ आखणीत दोन्ही घाऊक विक्रेत्या: जाळं सरकारचं, ग्राहकाला कनेक्शन मात्र दुसऱ्याच कंपन्यांनी द्यायचं. म्हणून 'भारतनेट म्हणजे आपलं एनबीएन' असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

एनबीएन 2009 साली पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारनं जाहीर केलं, ते 90 टक्के घरांच्या आणि दुकानांच्या दारात फायबर नेण्यासाठी. 2013 मध्ये सरकार बदललं आणि खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी फायबर रस्त्याकडेच्या पेटीपर्यंतच न्यायचं ठरलं. तिथून पुढे टेलस्ट्रा या तिथल्या टेलिफोन कंपनीची जुनी तांब्याची तार. निवडणुका गाजल्या त्या या शेवटच्या तुकड्यावरून! पुढे त्यातल्या कित्येक घरांना पुन्हा फायबर द्यावं लागलं, तो भाग वेगळा.

भारतनेटला 2011 साली मंजुरी मिळाली तेव्हा घर हिशेबातच नव्हतं. तालुक्यापर्यंत फायबर आधीच होतं. तिथून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंतचा मधला पल्ला भरायचा होता. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या सेवा-निधी आकारातून, म्हणजे थोडाफार तुमच्या-आमच्या मोबाईल बिलातूनच. ग्रामपंचायतीपासून पुढे खासगी कंपन्या, केबलवाले येतील असं गृहीत धरलं होतं. गावात मिळकत कमी, मग कोण धावत येणार? त्यामुळे 'गावात फायबर आलं' याचा अर्थ अनेकदा एवढाच, की ग्रामपंचायतीच्या खोलीत एक पेटी बसली. खोलीला कुलूप असलं किंवा वीज गेली आणि बॅटरी उतरली, की पेटी मुकी.

त्यात ही केबल बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत टाकलेली. रस्ता रुंद करताना जेसीबीनं मध्येच तोडली, की पुढची सगळी गावं बंद. महाराष्ट्रात दुसरा टप्पा राज्य सरकारनं 'महानेट' म्हणून हाती घेतला, पण मधला पल्ला तोच.

2023 मध्ये केंद्रानं 1,39,579 कोटींची सुधारित योजना मंजूर केली. तालुका ते ग्रामपंचायत वर्तुळाकार जोडणी, म्हणजे एका बाजूला तुटलं तरी दुसरीकडून चालू, दहा वर्षांची देखभाल, काम बीएसएनएलकडे. शिवाय गावांतल्या दीड कोटी घरांना फायबर कनेक्शन देण्याचं उद्दिष्ट. एनबीएननं पहिल्याच दिवशी धरलेलं घर भारतनेटच्या हिशेबात आलं ते असं, बारा वर्षांनी.