‘एसव्हीसीहोस्ट’ अनेकदा दिसणे म्हणजे व्हायरस नव्हे

विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रक्रियांची (चालू प्रोग्रामची) यादी दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost) हे नाव अनेकदा दिसले तर संगणकात व्हायरस शिरला आहे, तेव्हा ती फाइल तातडीने काढून टाकावी, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे.

एकच नाव पुन्हा पुन्हा दिसल्यावर शंका येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही विंडोजचीच फाइल असून नेटवर्क, अपडेट, ध्वनी यांसारख्या पार्श्वभूमीवरील सेवा तिच्यामार्फत चालतात. पूर्वी एका प्रक्रियेत अनेक सेवा एकत्र चालत. २०१७ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून मात्र ३.५ जीबीपेक्षा अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रक्रिया मिळू लागली, जेणेकरून एक बंद पडली तरी इतर चालू राहाव्यात. म्हणूनच निरोगी संगणकावरही हे नाव डझनावारी दिसते.

मोजणीपेक्षा जागा तपासावी. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ भागात त्या नावावर उजवी क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडले असता ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘सिस्टम३२’ (क्वचित ‘सिसवाव६४’, म्हणजे SysWOW64) दिसले पाहिजे. ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’ दिसले, अथवा अक्षरांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ (scvhost) असे नाव घेतलेले आढळले, तर संशय रास्त ठरतो. ठिकाण योग्य असणे हाही अंतिम पुरावा नाही, कारण काही मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) खऱ्या प्रक्रियेतच स्वतःचा कोड घुसवतात.

शंका उरल्यास हाताने काहीही न पुसता विंडोजमधील ‘विंडोज सिक्युरिटी’ या सुरक्षा ॲपमधील ऑफलाइन स्कॅन चालवावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करत असल्याने मालवेअरला लपणे अवघड जाते.