जंगल किती, यापेक्षा जंगल कसे

रालामंडलची टेकडी इंदूरकरांना ठाऊक असते ती होळकरांच्या शिकारमहालामुळे. १९८९ साली अभयारण्य झालेले हे जंगल सुमारे २.३५ चौरस किलोमीटरचे. ते अगदी वाटोळे धरले तरी आतले एकही झाड कडेपासून ९०० मीटर लांब असू शकत नाही. कडेच्या १०० मीटरांत ऊन, वारा, गुरे आणि घाणेरी शिरते असे मानले, तर २२ टक्के जंगल कडेतच गेले. १०० चौरस किलोमीटरच्या वाटोळ्या जंगलात हाच पट्टा साडेतीन टक्के भरतो.

जंगलाच्या आकाराकडे आणि मांडणीकडे असे पाहणाऱ्या शास्त्राला, लँडस्केप इकॉलॉजीला, १९३९ साली नाव दिले जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी. विमानातून टिपलेली छायाचित्रे अभ्यासताना. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या बेटांविषयी दाखवले की लहान, दूरच्या बेटावर कमी जाती टिकतात. शेतांनी वेढलेला जंगलाचा तुकडाही बेटच, हा विचार तिथून पुढे आला.

आपल्याकडे १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचा पहिला अहवाल १९८७चा, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर बेतलेला. पुढच्याच वर्षी आपला आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. छत्राची, म्हणजे वरून दिसणाऱ्या झाडांच्या पसाऱ्याची, दाटी ७० टक्क्यांहून जास्त असेल तर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ, अशी आजची प्रतवारी आहे. पण छत्र मोजले म्हणजे प्रकृती कळली असे होत नाही. आपल्या भागातला साग उन्हाळ्याआधी पाने टाकतो. तेव्हाच्या चित्रात धडधाकट सागवनही आजारी दिसते. पानांची जाळी करणारी अळी पडते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा वर ढग असतात. म्हणून त्याच जागेची, त्याच आठवड्यांची, अनेक वर्षांची चित्रे शेजारी ठेवावी लागतात.

१९९६ ते १९९८ या काळात मध्य प्रदेशच्या पूर्व भागात साल वृक्षांच्या जंगलांवर खोडकिड्याची साथ आली आणि लाखो झाडांना लागण झाली. हा भुंगेरा पहिल्या पावसात बाहेर पडतो, अळी सालीखाली पोखरत राहते. शेंडा सुकलेला दिसतो तोवर फार उशीर झालेला असतो. अशा वेळी उतार, ओल, झाडांचे वय, लागण झालेल्या झाडापासूनचे अंतर असे थर नकाशावर एकावर एक ठेवून पुढचा धोका कुठे, हे आधी सांगता आले तर उपयोग. नव्वदच्या दशकाअखेरीस जैवतंत्रज्ञान विभाग आणि अंतराळ विभाग यांनी मिळून देशभर असेच थर जुळवायला घेतले: तुकडे किती, हस्तक्षेप किती, जैवविविधता किती.

इंदूरजवळच्या महू-चोरलच्या उतारांकडे मी याच नजरेने पाहते. अशा जंगलातून १० किलोमीटर लांब, ३० मीटर रुंद रस्ता काढला, तर कागदावर ०.३ चौरस किलोमीटर जंगल जाते. दोन्ही बाजूंना १०० मीटरांची नवी कड धरली, तर आणखी २ चौरस किलोमीटर उघडे पडते. म्हणजे जवळजवळ अख्खे रालामंडल.